रुपचंदनं विकत घेतलेला आवाज

लॅपटॉपचा आवाज सुधारण्यासाठी वेगळे पैसे भरावेत का, असा प्रश्न आमच्या कॉलनीत कुणाला पडला की तो माझ्याकडे येतो. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे ज्या वस्तूला वायर असते तिच्यातलं मला सगळं कळतं, अशी इथल्या लोकांची समजूत आहे. मी त्यांना रुपचंदची गोष्ट सांगतो. रुपचंद समोरच्याच घरात राहतो आणि हे सगळं मी त्याच्या तोंडावरही सांगितलं आहे. त्याचे कान ठणठणीत आहेत, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही.

रुपचंद मूळचा धरणगावचा. जळगावच्या भाजी मार्केटात एका अडत्याकडे त्यानं उभं आयुष्य लिलाव पुकारण्यात घालवलं. पहाटे कॅरेटवर चढून ‘एक वार, दोन वार, तीन वार’ अशी आरोळी ठोकली की बाहेर रिक्षात झोपलेले लोक उठून बसत. मार्केटात या आवाजाला मान होता. पण घरी येताना तो आवाज तिथंच ठेवून यावा, हे त्याला कधी सुचलं नाही. चहा मागायचा तरी भाव पुकारल्यासारखा मागायचा. विहारात त्रिशरण-पंचशील चालू असे तेवढा वेळ तो चार माणसांच्या सुरात सूर मिळवी. बाहेर आला की पुन्हा एकटाच.

त्याची बायको कुंदाबाई धुळ्याकडची. अहिराणी बोलायची, हळू बोलायची, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. त्याला हाक मारायची असली की ‘आयकं का?’ म्हणायची. दिवसातून कितीदा तरी त्या घरातून ‘आयकं का?’ ऐकू यायचं आणि पाठोपाठ रुपचंदचं दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावरचं भाषण. आमची द्रौपदाबाई, म्हणजे माझी बायको, तिची मैत्रीण. ती म्हणायची, कुंदा माझ्याकडे येते ती साखर मागायला नाही, वाक्य पूर्ण करायला येते.

पोटात दुखतं, हेही तिनं असंच ‘आयकं का?’ म्हणून सांगायला सुरुवात केली होती. त्यानं ओव्याचा उपाय सांगितला, मग ओव्याचा भाव सांगितला. बऱ्याच उशिरा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘कुठं दुखतं?’ आणि उत्तर यानं दिलं. मी त्या वेळी सोबत होतो. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, ‘त्यांना बोलू द्या.’ त्यानं डॉक्टरांनाही बोलू दिलं नाही. पुढं ती गेली. दुखणं आधीपासूनच हाताबाहेरचं होतं असं डॉक्टर म्हणाले, ते खरंही असेल. मला मात्र त्या खोलीतली तिची मिटलेली जिवणी आठवते आणि अजून चीड येते.

ती गेल्यावर घर शांत झालं असेल असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही, कारण घरात आवाज त्याचाच होता आणि तो शाबूत होता. पण महिनाभरानं तो माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच जरा हळू बोलला.

“सुकदेवभाऊ, कुंदाना आवाज माले आठवत नही.”

मी म्हटलं, “फोनमध्ये काही असेल की.”

फोनमध्ये काही नव्हतं. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की फोन याच्या हातात. कुंदाबाई मागं कपाटाशी उभी, तिचं नुसतं डोकं दिसायचं. तेव्हा त्याची मुलगी संघमित्रा, जी धुळ्याला शाळेत शिकवते, तिनं आपला जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात तिच्या हळदीचा व्हिडिओ होता. आख्ख्या जगात कुंदाबाईचा आवाज तेवढ्याच एका ठिकाणी शिल्लक होता.

व्हिडिओ असा. दारापुढं मांडव, हळदीनं माखलेल्या बाया, कुठं तरी डीजे. बाया कुंदाबाईला धरून बसवतात, नाव घे म्हणतात. ती लाजते, पदर सावरते आणि उखाणा सुरू करते: “एक वार, दोन वार, तीन वार, बोली लायी मी खास, रुपचंदरावले...” इतक्यात मोबाईलच्या अगदी जवळून रुपचंदची आरोळी येते. त्यापुढचं काही कळत नाही. तिचे ओठ हलताना दिसतात, मग सगळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसतात. एक तर खाली बसते. कुंदाबाईही तोंडाला पदर लावून हसते आहे. तिला इतकं हसताना मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

आता गंमत अशी की त्या ‘एक वार, दोन वार’मुळे रुपचंदची खात्री पटली की बायकोनं उखाण्यात त्याच्या कर्तबगारीचं गुणगान केलं. आपली बोली तिनं उखाण्यात घातली! हे त्यानं पानाच्या टपरीपासून विहारापर्यंत सगळ्यांना सांगितलं. फक्त पुढची ओळ हवी होती. ती ऐकल्याशिवाय त्याला चैन पडेना. बायांना विचारलं तर एकीलाही आठवेना. खरं तर तो उखाणा आमच्या कॉलनीतल्या बायांना तोंडपाठ होता आणि प्रत्येक हळदीत निघत होता. पण रुपचंदनं यातल्या कुणाचंच बोलणं कधी पुरं होऊ दिलं नव्हतं, मग आता याला का सांगायचं, असा त्यांचा साधा हिशेब. द्रौपदाबाईनं मलाही तंबी दिली होती. मी पाळली, आणि सांगतो, मजेनं पाळली.

तेवढ्यात लॅपटॉपनंच त्याला वाट दाखवली. कोपऱ्यात एक चौकट आली. आवाज सुधारण्याच्या सोयीची फुकट मुदत संपली, पैसे भरा आणि अधिक स्पष्ट, अधिक दमदार आवाज अनुभवा. खाली तीन पॅकेजं. साधं, मधलं आणि सगळ्यात वरचं.

मी त्याला आवेजच्या दुकानात नेलं. आवेज लॅपटॉप दुरुस्त करतो, मूळचा नशिराबादचा, थापा मारत नाही. त्यानं व्हिडिओ दोनदा ऐकला.

“नाना, यात पैसे घालू नका. लॅपटॉपचा स्पीकर नखाएवढा आहे, पैसे भरून तो काही मोठा होत नाही. असा थोडा फरक फुकटच्या सेटिंगमध्येही पडतो. बाहेरचा साधा स्पीकर लावला तर त्याहून जास्त पडेल. पण तुमची अडचण वेगळीच आहे. तुम्ही मोबाईलच्या शेजारी ओरडताय आणि वहिनी लांब बसल्यात. त्यांचा आवाज तुमच्या आवाजाखाली गाडला गेलाय. तो कुठलंच पॅकेज उकरून काढणार नाही.”

रुपचंदनं यातलं ‘फुकट’ एवढंच ऐकलं. फुकटचा माल सडका असतो, म्हणाला, आणि उठला.

संघमित्रानं फोनवर सांगून पाहिलं. तो तिलाच पॅकेजांची नावं वाचून दाखवत राहिला. शेवटी तिनं पैसे भरून दिले. साधं पॅकेज घेतलं. आवाज वाढला, म्हणजे डीजे वाढला, बायांचा गलका वाढला आणि रुपचंदची आरोळी इतकी वाढली की लॅपटॉपचा पत्रा थरथरला. कुंदाबाई होती तिथंच राहिली.

दुसरा कुणी थांबला असता. पण लिलाव पुकारणाऱ्या माणसाला पहिल्या बोलीवर थांबणं माहीत नसतं. त्याला वाटलं, चढत गेलं की माल हाती येतोच. त्यानं मधलं पॅकेज घेतलं. त्या पॅकेजनं डीजेचा धडधडाट बराच कमी झाला आणि आरोळीतले शब्द सुटे होऊ लागले. वरच्या पॅकेजात ‘मुख्य आवाज स्पष्ट करा, गोंगाट काढून टाका’ अशी सोय होती. ते त्यानं घेतलं त्या संध्याकाळी मला आणि द्रौपदाबाईला मुद्दाम बोलावलं. बाहेरचा स्पीकरही आणला होता, तो खिडकीत तोंड बाहेर करून ठेवलेला. कुंदानं काय म्हटलं ते कॉलनीनंही ऐकावं, अशी त्याची इच्छा होती.

त्यानं बटण दाबलं. डीजे नाहीसा झाला, बायांचा गलका नाहीसा झाला. कुंदाबाईचं ‘एक वार, दोन वार’सुद्धा गेलं. तिचे नुसते ओठ हलत होते. यंत्रानं आपल्या समजुतीप्रमाणे मुख्य आवाज ठेवला होता आणि गोंगाट काढला होता. मग त्या शांततेत रुपचंदचा आवाज आला, शब्द न् शब्द सुटा, श्वाससुद्धा ऐकू येत होता.

“कुंदे, पुरे कर. तिकडे पानी कोन दी? तुले कोन आयकस?”

तुझं कोण ऐकतं. खिडकीतून ते गल्लीभर गेलं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या.

रुपचंदनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा दाबलं. पडद्यावर कुंदाबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिच्या हसण्याचा आवाज कुठंच नव्हता.

“तिना आवाज कथा गया?” कुठं गेला, असं त्यानं मला विचारलं. “व्हता तोबी गया.”

मला तेव्हा त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. द्रौपदाबाईला आली नाही. ती उभी राहिली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, “भाऊ, मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. मी सांगते तिनं काय नाव घेतलं. एकदा ऐका.”

आणि तिनं कुंदाबाईच्याच हळू आवाजात, तिच्याच हेलात म्हटलं:

“एक वार, दोन वार, तीन वार, बोली लायी मी खास,
रुपचंदरावले गिऱ्हाइक भेटनं नही, म्हनीसन मन्हा पास.”

गिऱ्हाईकच मिळालं नाही, म्हणून माझ्यापाशी राहिले! बाहेर ओट्यावर कुणी तरी खुदकन हसलं. हसणं दाबलं गेलं, मग दोघीतिघी मोकळ्याच हसल्या.

रुपचंद द्रौपदाबाईकडे पाहत राहिला. बाईचं एखादं वाक्य त्याच्यासमोर शेवटपर्यंत गेल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, आता हा रडेल, किंवा हसेल. दोन्हीपैकी काहीही केलं असतं तरी मी त्याला माफ केलं असतं. निदान बायको थट्टा करायची एवढं तरी त्याला मिळालं असतं. तिच्या थट्टेत काय कमी माया होती?

“कुंदा आसं म्हननारच नही,” तो म्हणाला. “मन्ही कुंदा माले माहीत शे.” मग माझ्याकडे वळला. “सुकदेवभाऊ, याना वरबी एखादं पॅकेज व्हई ना?”

द्रौपदाबाई चपला घालून घरी निघून आली. ती पुन्हा त्या घरात गेली नाही.

आता वरचं पॅकेज दरवर्षी आपोआप चालू होतं. संघमित्रा पैसे भरते आणि धुळ्याहून कमी येते. दिवेलागणीला तो व्हिडिओ लावतो. एखाद दिवशी तरी पुढची ओळ निघेल, असं त्याला वाटतं. स्पीकर अजून खिडकीतच आहे, तो आत घ्यायचं त्याच्या लक्षात आलेलं नाही. आम्ही इकडे जेवायला बसतो तेव्हा गल्लीत ऐकू येतं, “तुले कोन आयकस?” बाया आता हसत नाहीत, सवय झाली आहे.

म्हणून कुणी विचारलं, की पैसे भरून आवाज खरंच स्वच्छ होतो का, तर मी म्हणतो, होतो. दिवेलागणीला या आणि आमच्या ओट्यावर बसून ऐका.