पाठमोऱ्या खुर्चीचं पार्लर

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून धंदा टिकवणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती ठाण्याच्या कोपरीत, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर ब्यूटी पार्लर चालवायची. सगळी इमारत तिला नुसतं काकू म्हणे. पार्लरमध्ये आरसा होता, पण खुर्ची त्याच्याकडे पाठ करून ठेवलेली. "आधी मी बघते, मग तू बघ," हा काकूंचा नियम. फेशियलला आलेल्या एका नवरीला, "चेहऱ्याला काही झालेलं नाही, घरी जाऊन झोप," असं सांगून त्यांनी वाटेला लावलेलं मी स्वतः पाहिलंय. भुवया कोरताना दोऱ्याचं टोक दातांत असे, त्यामुळे निम्मे शब्द गिळले जात. तरी तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाच्या सासूपासून थायरॉइडपर्यंत सगळी चौकशी होई. एकदा दहावीतली एक पोरगी फोनवर फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "मला अशी करा." काकूंनी चष्मा लावला. "ही कोण?" "मीच." "छान आहे. मग तिलाच पाठवायचं ना, तू कशाला आलीस?"

तेव्हा मीही हसले होते. मग ती पाळी आमच्या घरावर आली.

माझी ऋचा नववीत होती. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचाचा व्हिडिओ तिने टाकला आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'नाक आहे की बटाटावडा?' दोन दिवसांत वर्गात तिचं नावच वडा पडलं. रोज सकाळी पोट दुखायला लागलं, जेवण निम्म्यावर आलं. व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो शाळाभर फिरलेला. "एवढं काय त्यात? तो फोन बंद करून ठेव," असा सल्ला मी दिला, तोही माझ्या फोनमधून मान वर न करता. शेवटी तिनेच विचारलं, "आई, नाक बारीक दिसेल असा मेकअप काकू शिकवतील?"

काकूंनी तिला खुर्चीत बसवून नाक नीट न्याहाळलं. "हे तुझ्या बापाचं आहे. त्याला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही." मग तिचा फोन मागून घेतला आणि तिने स्क्रीनशॉट काढून ठेवलेली एकेक कमेंट रेशनची यादी वाचावी तशा आवाजात मोठ्याने वाचू लागल्या. "'वडा.' कोण हा? अगं, याच्या तर दोन्ही भुवया एकच झाल्यात! पाठव इकडे." कित्येक दिवसांनी ऋचा फिस्सकन हसली. आणखी दोघातिघांचा असा निकाल लागला. मग काकू एकदम थांबल्या. पुढची कमेंट त्यांनी वाचलीच नाही.

"ही तुझी मैत्रीण ना? मागे तुझ्याबरोबर आलेली ती?" त्यांनी हळूच विचारलं.

ऋचाने मान डोलावली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. बाकी सगळ्यांची नावं तिने मला सांगितली होती, हे एक सोडून. मी उठले तर काकूंनी हातानेच बसवलं. बाहेर थांबलेल्या दोघींना "उद्या या" म्हणून परत पाठवलं, आणि तासभर, एक शब्द न बोलता, त्या तिच्या डोक्याला खोबरेल तेल चोळत राहिल्या. निघताना काही शहाणपणाचं ऐकायला मिळेल म्हणून मी रेंगाळले. "तेलाने डोकं निवतं, बाय. आतलं नाही निवत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे ने तिला. लाजू नको."

नेलं. नौपाड्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे सहा महिने जात होतो. पोटदुखी हळूहळू थांबली. मैत्रिणीला ऋचाने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "सगळेच हसत होते ना, म्हणून." दोघी बोलतात अजून, पण पहिल्यासारख्या नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तशा काकू पार्लर बंद करून कल्याणला बहिणीकडे राहायला गेल्या. ऋचा आता अकरावीत आहे. हसते, नाचते, भांडते. पण एखाद्या दिवशी कॉलेजातून येते आणि खोलीचं दार लावून घेते. मी बाहेर उभी राहते आणि काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत बसते. काकू असत्या तर काहीच बोलल्या नसत्या. मला मात्र तसं गप्प राहणं अजून जमत नाही.