लीद उचलणाऱ्याची पैज

पंचवटीच्या टांग्यांत सगळ्यात जोरात पळाली ती माझी घोडी. इतक्या जोरात पळाली की जागच्या जागी बाद झाली.

हे मी बोलतोय आन् माझी धाकटी सून लिहितीय. मला अक्षर येत नाय. शाळेत दीड वर्ष गेलो, त्यातलं वर्षभर वर्गाच्या बाहेरच उभा व्हतो. बोलताना मी शिव्या देतो, त्या सून गाळती. म्हणून वाचणाऱ्याला वाटंल, माणूस शांत हाय. शांत नाय. वीस वर्षं झाली, आजून आठवलं की कानशिलं तापत्यात.

बाद का झाली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजंल. आमच्या टांग्याच्या शर्यतीत घोडं दुडकी चालीत पळलं पायजे. ठेका धरून, टपटप टपटप, मागं बसलेल्या म्हातारीची कवळी हलली नाय पायजे अशी ती चाल. दुडकी मोडून घोडं चौखूर उधळलं की बाद. मंग ते पहिलं येऊ दे नायतर विमानाच्या पुढं जाऊ दे. शर्यत वर्षातून एकदा, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मखमलाबादच्या पुढं सरळ रस्ता व्हता, दोन्ही अंगाला द्राक्षाचे बाग. वडापासून निघायचं आन् पाटाच्या पुलावर थांबायचं.

पैजेचा पण कायदा व्हता. जो रोज सकाळी घोड्याखालची लीद उचलतो, त्यानंच पैज लावायची. दुसऱ्या कुणी नाय. पैज काय, तर हरभऱ्याचं पोतं नायतर लसूणघासाचे भारे. जिंकलेला माल घोडंच खायचं. मालकानं फक्त मिशीला पीळ द्यायचा. माझी मिशी इतकी विरळ की पीळ द्यायला गेलो तर बोटं नुसती एकमेकाला लागायची.

आमचा स्टँड पिंपळाखाली, हौदाजवळ. यात्रेकरू आले की काळाराम, सीतागुंफा, तपोवन अशी फेरी मारायची, आन् यात्रेकरू नसले की भांडायचं. भांडायचं तर चाबकावरनं. स्टँडवरचे सगळ्यात जुने टांगेवाले आबा. त्यांचं म्हणणं, चाबूक हातात पायजे, घोड्याला मालक कळतो. माझं म्हणणं, चाबूक अंगाला लागताच कामा नये. मी चाबकाची काडी नुसती चाकाच्या आऱ्यांत धरायचो. फिरत्या आऱ्यांवर काडी टर्रर्र वाजायची. सगळेच टांगेवाले गर्दीत असं वाजवतात, माणसं बाजूला व्हायला. पण मी घोडीला त्या आवाजावर शिकवली व्हती. टर्रर्र झालं की चाल वाढवायची, आन् फेरी संपली की गुळाचा खडा. दोन वर्षं घातली मी त्याच्यात. तेवढ्यात मी स्वतः अक्षरं शिकलो असतो, पण मला कुणी गूळ दिला नाय.

"आबा," मी म्हणायचो, "मारून पळवायला अक्कल लागत नाय."

"आरं, तू कशाचा पळवतो!" आबा तंबाखू मळत म्हणायचे. "तुझी घोडीच तुला पळवती. ती हाय म्हणून तू रोज स्टँडवर येतो, नायतर तुला रस्ता तरी सापडला असता का?"

सगळे हसायचे. मी पण हसायचो. खरंच व्हतं ते. एकदा मी घोंगडी अंगावर घेऊन टांग्यात झोपलो तर तिनं मला बरोबर सासऱ्याच्या मळ्यावर नेऊन उभं केलं. तिला तिथला घास आवडायचा. सासरे झेंडूच्या वाफ्यातनं वर बघून म्हणले, "जावईबापू आले. का घोडी आली?"

तर असं चाललं व्हतं. मंग कुंभमेळ्याच्या आदल्या साली एक प्लॉटवाला शेठ आमच्या हौदावर यायला लागला. मळे घ्यायचा, त्याचे प्लॉट पाडायचा, पांढरे बूट घालायचा. यात्रेला मोठी देणगी दिली म्हणून त्याला मांडवात पुढची खुर्ची मिळाली व्हती. त्याला आता पैज लावायची व्हती.

"आमचा पैसा काय खोटा हाय का?" शेठ म्हणला.

"पैसा खरा हाय," आबा म्हणले. "लीद उचलतो का?"

"दोन गडी लावतो की लीद उचलायला."

"मंग पैज त्या गड्यांनी लावायची."

हौदावर असा हशा पिकला की घोडी बिचकली. शेठ लाल झाला. आन् तवा मी मधी तोंड घातलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मला कधीच कुणी विचारत नाय, तरी मी बोलतो, हाच माझा रोग. मी म्हणलं, "आबा, जग बदललं. रिक्षा आल्या, उद्या टांग्यात कुत्रं बसणार नाय. लोकं पैज लावायला आली तर शर्यत जगंल, आपण जगू. लावू द्या सगळ्यांना."

शेठ लगेच माझ्याकडं वळला. "हा खरा माणूस! तुझी घोडी सगळं नाशिक बघंल. मी तर तुझ्यावरच लावणार."

झालं. माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण गेलं. ते तसं पण निघायलाच आलं व्हतं. मी शेठला म्हणलं, "पण एक अट. चाबूक बंद." शेठ म्हणला, "बंद तर बंद. आपण जनावरावर प्रेम करणारी माणसं." हे वाक्य तो ज्या तोंडानं बोलला, ते तोंड मला आजून दिसतं.

आबा मला बाजूला घेऊन म्हणले, "येड्या, चाबूक कुणाच्या हातात हाय याच्यापेक्षा पैज कुणाची हाय ते बघ. ज्याला सकाळी घोडं धुवायचं नाय, त्याला दुपारी त्याचं काय व्हतंय याची फिकीर नाय." मी म्हणलं, "तुम्हाला चाबूक पायजे म्हणून तुम्ही असं बोलता." असं मी आबाला बोललो. ज्या माणसानं मला लगाम धरायला शिकवला त्याला.

मंग हात वर करून ठरवायचं ठरलं. चाबूक बंद, आन् पैज सगळ्यांना. मी जोशात दोन्ही हात वर केले. मोजणाऱ्यानं दोन धरले. ठराव एका हातानं पास झाला. तो हात माझा. कुठला, डावा का उजवा, ते आजून कळलं नाय, नायतर कापून टाकला असता.

वर आणि मी एक सवलत मागितली. माझी घोडी आऱ्यांच्या आवाजावर पळती, तर मला काडीपुरता चाबूक टांग्यात ठेवू द्या. दिली. आबांनी त्यांचा चाबूक घरी खुंटीला लावला. म्हणजे सगळ्या शर्यतीत चाबूक असलेला माणूस एकच, जो दोन वर्षं चाबकाच्या विरोधात बोंबलत व्हता तो.

यात्रेला ही गर्दी! बागांच्या तारा मोडल्या लोकांनी. शर्यत सुटली आन् आम्ही वडापासून शंभर पावलं गेलो नाय तर मागनं मोटरसायकली आल्या. दहा, बारा, पंधरा. पैज लावलेली पोरं. शेठ स्वतः एकीवर मागं बसलेला, पांढरे बूट वर धरून. चाबूक बंद केला व्हता ना आपण? त्यांच्या हातात चाबूक नव्हताच. क्लचच्या वायरी व्हत्या. ज्याच्यावर पैज लावली ते घोडं पळावं म्हणून त्याला वायर, आन् ज्याच्यावर लावली नाय ते बिचकावं म्हणून त्याला पण वायर. हलकट साले! जन्मात घोड्याला बादलीभर पाणी पाजलं नाय, आन् वायर मारताना हात असा सुटायचा जसं काय बापजाद्यांपासून हाच धंदा.

माझ्या घोडीच्या मांडीवर एक बसली. दुसरी बसली. मी ओरडलो, शिव्या दिल्या, कुणाला ऐकू जातंय त्या फटफटीत! पण घोडीनं चाल मोडली नाय. दुडकी म्हणजे दुडकी. कान माझ्याकडं, आऱ्यांच्या आवाजाकडं. अंगावर वळ उठत व्हते आन् ती ठेका धरून चालली व्हती. म्हातारीची कवळी हलली नसती.

माझ्या बाजूला आबांचा घोडा. त्याच्या पोटाला वायर लागली आन् रक्त आलं. आबांनी लगाम खेचला. भर शर्यतीत टांगा थांबवला, खाली उतरले, डोक्याचं मुंडासं सोडून घोड्याच्या पोटावर धरलं आन् स्वतः त्याच्या अंगाला पाठ लावून उभे राह्यले. मोटरसायकली त्यांच्या बाजूनं गेल्या.

मी हे बघितलं. बघून माझ्या मनात काय आलं ते सांगतो. सून म्हणती नका सांगू. मला वाटलं, चला, एक कमी झाला.

पूल दिसायला लागला. मागनं एक टांगा जवळ येत व्हता. शेठची मोटरसायकल माझ्या चाकाला लागून. "मार की रं!" तो ओरडला. "हातात चाबूक हाय आन् वाजवत काय बसला? माझं लावलंय तुझ्यावर! मार!"

मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की मी आऱ्यांतनं चाबूक काढला आन् हाणला. शेठला नाय. घोडीला.

एकच. पण सगळ्या अंगानं हाणला. वायरीला जी हलली नव्हती, ती माझ्या एका चाबकानं उधळली. चौखूर. मी टांग्यात मागं पडलो, पाय वर. पुलावर पहिले आम्हीच पोचलो. पंचांनी हात आडवा केला. बाद. लोकं हसत व्हती, कारण माझं पागोटं गळ्यात अडकलं व्हतं आन् मी उताणा पडून "हो हो हो" करत व्हतो. शेठ आला आन् माझ्या टांग्यावर थुंकला.

शर्यत काय, ती गेली तर गेली. माझं पोट घोडीवर व्हतं, त्याचं सांगतो. दुसऱ्या दिवशी टांगा स्टँडवर आणला. गर्दीत जरा काडी आऱ्यांत धरली, टर्रर्र. आन् घोडी उधळली. मला वाटलं, नवीन दुखणं हाय, जाईल. मी चाबूक घरी ठेवला. पण बाकीचे टांगेवाले थोडीच ठेवणार? कुणी पण, कुठं पण काडी वाजवली की ही घामानं भिजायची, डोळे पांढरे करायची. ज्या आवाजाला दोन वर्षं गूळ मिळाला, त्या आवाजाला आता मार. गूळ विसरली. मार विसरली नाय.

मी सगळं करून बघितलं. घोडीच्या कानात कापूस घातला. आधी माझ्या कानात घालून बघितला, तर आबांनी मारलेल्या हाका ऐकू आल्या नाय, त्यांना वाटलं मी राग धरलाय. मंग एक दिवस, टांग्यात मालेगावकडचं यात्रेकरू कुटुंब, आन् समोरून एकानं काडी वाजवली. घोडी सरळ भाजीवालीच्या वांग्यांत घुसली. कुणाला लागलं नाय. वांग्यांवर मी बसलेलो. तिथंच मला कळलं, ही आता शहरात चालणार नाय. टांगा विकला. घोडी विकायला मन झालं नाय, आन् झालं असतं तरी घेणारा कोण? तिला सासऱ्याच्या मळ्यावर नेऊन बांधली. मी शेवटी बायकोच्या माहेरी झेंडूच्या पाट्या उचलायला लागलो. घोडीचा पहिल्यापासून हाच बेत असंल.

आबांनी नंतर मला एकदाच विचारलं, "कशी हाय ती?" चाबकाचं, पैजेचं एक अक्षर काढलं नाय. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मंग मळ्यावर जो येईल त्याला मी धरून बसवायचो. शेठ कसा हलकट, पोरं कशी रानटी, पैज सगळ्यांना खुली केली की जनावराचं कसं वाटोळं व्हतं, चाबूक बंद म्हणणाऱ्यांनी वायरी कशा काढल्या. हात हलवून हलवून सांगायचो. आजून सांगतो, आन् त्यातलं एक अक्षर खोटं नाय. एक दिवस फुलं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला धरलं व्हतं. तो बिचारा चहा संपून पण कप खाली ठेवत नव्हता. घोडी गोठ्यात उभी, माझा आवाज चढला की तिचा कान फिरायचा.

बायको झेंडू तोडत व्हती. सगळं ऐकत व्हती, महिनोन् महिने ऐकलं व्हतं तिनं. कमरेला हात लावून सरळ उभी राह्यली.

"ते हलकट, मान्य," ती म्हणली. "चाबूक तुमचा व्हता. उठा आता, सकाळपासून लीद तशीच पडलीय."