खंडेनवमीचं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवालाही नाही — देवाला काय सांगणार, त्याच्याच समोर बसून तर केलं. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार भले आहात म्हणून नव्हे. तुम्ही किसनला ओळखत नाही, कोळवणच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे तिथं तुम्ही कधी येणार नाही, एवढ्याचसाठी. आणि ऐकताना चुकचुकू नका. चुकचुकणाऱ्या माणसांची मला चीड येते.

आधी करवतीचं सांगायला हवं. आता पेट्रोलवर चालणारी मशीन आली, पण त्याआधी आमच्याकडे झाड पाडायचं ते दोघांनी. लांब करवत, दोन्ही टोकांना मूठ. एक टोक माझ्याकडे, दुसरं किसनकडे. तुम्हाला वाटत असेल एक ढकलतो आणि एक ओढतो — तसं नसतं. दोघांनीही फक्त ओढायचं. समोरच्यानं ओढली की आपण हात सैल सोडायचा, जराही दाबायचं नाही. समोरच्याचा श्वास आपल्याला कळावा लागतो. बापाच्या मागं मी करवत धरली ती किसनबरोबर, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर कधी ओढली नाही. बायकोशी माझं इतकं कधी जमलं नाही, खरं सांगतो.

मग पुण्याचा ठेकेदार आला. शेठ म्हणायचे त्याला. वरच्या रानातली झाडं त्यानं मालकांकडून तोडायला घेतली आणि जीपमधून ती परदेशी मशीन आणली. लोखंडी पट्टी, तिच्याभोवती दातांची साखळी, आणि आवाज असा की गुरं दावी तोडायची. शेठला चालवायला एक माणूस हवा होता. एकच. किसन पुढं झाला.

मला विचारलंही नाही त्यानं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं ज्याच्या श्वासावर मी हात सैल सोडला, तो माणूस मला करवतीच्या एका टोकाला लटकवून निघून गेला. एकट्यानं ती करवत ओढता येते का? सांगा ना, येते का? वाडीतली माणसं मला विचारायची, काय दगडू, आता एका हातानं टाळी वाजवणार का. मी हसायचो. आतून जळायचो. अजून जळतो — उगाच खोटं कशाला बोलू? ज्याचं मी वाटोळं केलं त्याच्यावर माझा अजून राग आहे. हे तुम्हाला पटत नसेल तर उठा आणि जा.

शेठनं मला तेलाचं काम दिलं. दया म्हणून दिलं असेल. मशीनबरोबर आलेला तेलाचा डबा पहिल्या पावसाळ्याआधीच संपला होता आणि तसलं तेल पुण्यात कुठं मिळेना. मग शेठ म्हणाला, तू करवतीला तेल लावणारा माणूस, तूच बघ काय चालतंय ते. आणि मी बघितलं. ते काम मी फार चांगलं केलं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मला काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

तुम्हाला वाटेल तेल म्हणजे तेल. पातळ तेल साखळी फिरली की उडून जातं, पट्टी कोरडीच राहते. ट्रकमधून काढलेलं जळकं तेल फुकट मिळतं, पण त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तो पट्टीची खाच खातो. थंडीत फार जाड तेल घातलं तर ते टाकीतून पुढं सरकतच नाही. तेल असं हवं की ते वाहिलं पाहिजे आणि साखळीला धरूनही राहिलं पाहिजे. मी ट्रकच्या इंजिनाचं नवं जाड तेल घेतलं आणि त्यात ताजं, कपड्यातून गाळलेलं करंजाचं तेल थोडं मिसळलं. करंज चिकट, तो साखळी सोडत नाही. बरोबर झालंय की नाही ते कसं बघायचं, तेही मीच शोधलं. मशीन चालू करून पट्टीचं टोक ताज्या कापलेल्या बुंध्यासमोर धरायचं. पांढऱ्या लाकडावर तेलाची बारीक रेघ उठली की समजायचं, तेल पोचतंय. रेघ नाही तर थांबायचं. किसन रोज सकाळी तेवढं करायचा आणि माझ्याकडे बघून मान डोलवायचा. मला ते आवडायचं. आणि आवडतं म्हणून स्वतःचा राग यायचा.

आणखी एक. त्या मशीनचं तेल आपोआप येत नाही. उजव्या मुठीजवळ एक बटण आहे, कापताना ते अंगठ्यानं दाबत राहावं लागतं. दाबलं की तेल सुटतं. किसनचा अंगठा सारखा चालू असायचा, जपाची माळ ओढावी तसा.

आता येतो मुद्द्यावर. येतोच आहे, घाई करू नका.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. कोयता, कुऱ्हाड, करवत, नांगराचा फाळ, सगळं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून देवासमोर मांडायचं. पूजेला बसलेल्या हत्याराला मग हात लावायचा नाही, दसरा उलटून नारळ फुटल्यावर उचलायचं. त्या वर्षी किसन म्हणाला, मशीनही मांडू, तीही हत्यारच की. आणि त्यानं ती कुठं मांडावी? माझ्या करवतीच्या शेजारी. आमच्या दोघांच्या करवतीच्या शेजारी, जिला त्यानं वर्षभर बोटही लावलं नव्हतं. लोकांनी मशीनला आधी कुंकू लावलं. करवतीला उरलंसुरलं.

तेल घालायचं काम माझं. घरी गळक्या झाकणाचं एक मडकं होतं, गेल्या वर्षीच्या करंजाच्या तेलाचं. वरचं तेल संपलेलं, तळाला नुसता गाळ, मधासारखा घट्ट झालेला. दिव्यात घालायच्याही लायकीचं नव्हतं ते. मी टाकी रिकामी केली आणि तो गाळ मशीनमध्ये ओतला. देवासमोर, सगळ्यांसमोर, शांतपणे, पळीपळीनं. कुणीतरी म्हणालं, बघा, दगडूच्या मनात काही नाही हो, मशीनलापण करंजाचं तेल पाजतोय. मी हात जोडले. खरंच जोडले.

काय व्हावं असं मला वाटत होतं? मशीन बंद पडावी. साखळी अडकावी, शेठ वैतागावा, किसनची चारचौघांत फजिती व्हावी आणि त्यानं परत येऊन करवतीचं दुसरं टोक धरावं. एवढंच. पण हे “एवढंच” तुम्ही माझ्या बाजूनं धरू नका. पुढचं ऐका.

दसऱ्यानंतर पहिलं झाड ऐनाचं होतं. जुनं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. नारळ फुटला, गुलाल उडाला, आणि त्या गडबडीत किसननं सकाळची रेघ बघितली नाही. पूजेतून उठलेलं हत्यार, त्याची कसली परीक्षा घ्यायची — असं वाटलं असेल त्याला. कुणालाही वाटलं असतं. एरवी मी आठवण केली असती. ते माझं कामच होतं. त्या दिवशी मी गप्प राहिलो.

त्यानं पट्टी बुंध्याला लावली. मी चार हातांवर उभा होतो. मला त्याचा अंगठा दिसत होता — दाबत होता, सोडत होता, दाबत होता. आणि भुसा येत होता तो कोरडा, पिठासारखा बारीक. मग करपल्याचा वास आला. मग पट्टीच्या खाचेतून धूर निघायला लागला. ऐन ओला असतो, त्यातून धूर निघत नाही, हे तिथं उभ्या असलेल्यांत दोघांनाच कळत होतं. एकाच्या डोळ्यांत भुसा जात होता. दुसरा मी.

मी ओरडलो असतो तर त्यानं मशीन लगेच बंद केली असती. माझ्या आवाजावर तो डोळे मिटून हात सोडायचा, वर्षानुवर्षांची सवय. मला वेळ होता. भरपूर वेळ होता. मी विचार केला — चिकटू दे अजून जरा, चांगली चिकटू दे.

साखळी तुटली. मागं आली ती उजव्या मुठीवर.

तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि त्याच्या शेजारचं बोट. शेठनं त्याला जीपमध्ये घातलं आणि पौडला मलमपट्टी करून पुढं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. किसनची बायको जीपमागं धावत होती, फुफाट्यातून, पार ओढ्यापर्यंत. आणि मी काय करत होतो? सगळे तिकडं गेले तेव्हा मी मशीन उचलून माझ्या झोपडीमागं नेली. टाकी रिकामी केली. रॉकेलनं धुतली. तेलाच्या भोकात तार घालून गाळ ओढून काढला, काळ्या किड्यासारखा तो निघाला. मग चांगलं तेल भरलं, कपड्यातून गाळून. हात थरथरत नव्हते माझे. थरथरले असते तर बरं दिसलं असतं सांगायला.

शेठ मेकॅनिक घेऊन आला. त्यानं बटण दाबलं, तेलाची धार आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. मेकॅनिक म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, चालवणाऱ्यानं बटण दाबलं नसणार. शेठला तेच ऐकायचं होतं.

किसन घरी आल्यावर शेठ त्याच्या अंगणात आला आणि सगळ्या वाडीदेखत तेच म्हणाला. चूक तुझी, अंगठा चालवला नाहीस. किसन हाताला फडकं गुंडाळून बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मशीन धरायला पुढं झाला त्या दिवशी बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं.

“दगडू, तू तितंच हुबा व्हतास माज्याम्होरं. म्या दाबत व्हतो का न्हाई?”

सगळे माझ्याकडे वळले. त्याची बायको दारात उभी होती.

मी म्हणालो, “मला न्हाई दिसलं.”

बस. एवढं बोललो. तीन बोटं मी घेतली असं तुम्ही म्हणाल. घेतली. पण त्याहून वाईट काय असेल तर हे तीन शब्द. कारण त्यांच्यावर त्यानं विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवायची त्याला सवयच होती ना. तो हातावरचं फडकं आवळत म्हणाला, “मंग इसरलो आसंन. सणाच्या गडबडीत ध्यान नसंल माजं.”

करावं तसं भरावं म्हणतात. खोटं आहे. केलं मी, भरलं त्यानं. शेठनं त्याला काढला. हात बरा झाल्यावर तो स्वतःच माझ्याकडे आला, म्हणाला चल, करवत काढ. मला हेच तर हवं होतं! आम्ही एक वाळकं जांभूळ पाडायला घेतलं. दोन बोटांत मूठ राहीना. तो ओढायचा आणि मूठ निसटायची. पुन्हा धरायचा, पुन्हा निसटायची. शेवटी तो हसला आणि म्हणाला, तुजं बी नुकसान केलं बग म्या. तुझं बी — माझं! तेव्हा मला त्याचा इतका राग आला की मी करवत तिथंच टाकून निघून आलो.

आता मशीन दुसरा एकजण चालवतो, भूगावकडचा. तेल अजून मीच घालतो. किसन शेळ्या घेऊन तोडीपाशी येतो आणि दगडावर बसतो. बसल्या बसल्या त्याचा उजवा अंगठा हलत असतो — मांडीवर दाबतो, सोडतो, दाबतो. त्याला कळतही नसेल. त्या नव्या माणसाला तो रोज एकच सांगतो, आजही सांगत होता: “बाबा, अंगठा थांबवू नगंस. म्या इसरलो, बग काय झालं.” तो माणूस हो हो म्हणतो. आणि मी तिथंच असतो, हातात तेलाचा डबा घेऊन, फडक्यातून तेल गाळत.

किसन विसरला नव्हता. शेवटपर्यंत दाबत होता. मी पाहिलं होतं.