दाजींचं अ‍ॅक्सीड होणं

आमच्या दाजींइतक्या डौलात माघार घेणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नळदुर्गला जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. एका क्रियापदावर त्यांचा फार जीव: अ‍ॅक्सीड. "बैल वळतो, किल्ला पडतो, माणूस अ‍ॅक्सीड होतो," असं ते सांगतात. "म्हंजे कसं? समोरच्यानं रीतसर मागावं, आपण जरा ताणून धरावं, अन् मग त्याचा मान ठेवून हो म्हणावं. मागणाराच नसंल तर हा शब्द वापरता येत न्हाय."

आमच्याकडं लग्नात जावयानं रुसायचं आणि सासरच्यांनी समजूत काढायची, ही रीतच आहे. दाजी ती मनापासून पाळतात. कधी फेटा उशिरा आला म्हणून, कधी पंगतीला लांबूनच हाक मारली म्हणून ते मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसतात. मी पडलो हिशेबी माणूस. पुतण्याच्या लग्नात मी आचाऱ्याला आधीच बजावलं, "दाजी उठल्याशिवाय भात उतरवू नको." ते त्यांच्या कानावर गेलं. मी हात जोडून पुढं गेलो, तर म्हणाले, "अप्पा, आच जरा मंद करायला सांगा. आज येळ लागंल." मी उभा राहिलो आणि भात खाली लागला.

या सगळ्याला मी मनातून हसायचो. यंदा माझ्या धाकटीला हैदराबादला नोकरी लागली आणि मीच 'नाही' म्हणून बसलो. ताणण्यात मी दाजींनाही मागं टाकलं. पोरीशी अबोला धरला. काही हवं असलं की बायकोला ऐकू जाईल असं भिंतीशी बोलायचो. तिची रुजू व्हायची तारीख तोंडावर आली, तेव्हा दाजी आले. आत यायला तयार नाहीत. दारातच त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

"पोरीच्या वतीनं इनंती करतो. तिला जाऊ द्या."

"दाजी, तुम्ही मोठे! हात सोडा आधी."

"आधी उत्तर."

मी ताणायला तोंड उघडलं, पण ते जोडलेले हात बघवेनात. "पाठवतो," म्हणालो.

"मला नगा सांगू. तिला बोलवा, तिला सांगा."

बोलावलं, सांगितलं. पोर रडायला लागली. मी उगाच घड्याळात पाहिलं.

मग दाजी आत येऊन बसले. बशीत चहा ओतून नुसते बघत राहिले. त्यांच्या लेकीला, शकूलाही, पुण्याला शिकायला जायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं. ती आता तामलवाडीत संसार करते.

"शकूच्या येळंला म्या वाट बघत बसलो, अप्पा," ते म्हणाले. "कुणीतरी मागायला येईल, मग हो म्हणू. कुणी आलंच न्हाय."