आंब्याला बांधलेली तार

आंबा तोडताना देठातून ओघळणाऱ्या चिकाचा उग्र वास आला की मला शिरूर अनंतपाळचं आमचं अंगण आठवतं. लातूरचा क्लास संपवून, परीक्षा देऊन मी घरी आले होते, आणि अंगणातला आंबा फांद्या मोडतील असा लगडला होता. "यंदा लई धरलंय झाड. तू येणार म्हणून कळलं असंल त्याला," रसाची वाटी हातात देत आई म्हणाली. वाटी घेऊन मी बुंध्याला टेकले, तर पाठीला काहीतरी रुतलं. वळून बघितलं. कपडे वाळत घालायला आईनं कधीकाळी गुंडाळलेली तार सालीत पार घुसली होती, पिळाचं टोक तेवढं बाहेर होतं. तारेच्या वर खोड सुजलेलं होतं, खाली बारीक. मी वाटी खाली ठेवली. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या चाळणीसारख्या पेशींमधून मुळांपर्यंत उतरते, हे मी वर्षभर घोकलं होतं. इथं ती वाटच आवळली गेली होती. पाणी आतल्या लाकडातून चढत होतं म्हणून पानं हिरवीगार होती. पण खाली न उतरलेली साखर फळांत साठत होती आणि मुळं उपाशी होती. "आई, झाड मरायला लागलंय." आई हसली. "येडी का काय? एवढं गोड फळ देणारं झाड मरतंय व्हय?" मी तिचा हात धरून तारेवर ठेवला. तिचं हसू गेलं. पक्कड आणून ती तार उकरत बसली, पण सालीनं ती कधीच गिळली होती. पुढच्या उन्हाळ्यात अंगणात सावली नव्हती. आजही कुणाचं झाड लगडलेलं दिसलं की सगळे वर बघतात. मी आधी बुंध्याकडं बघते.