आईचं पहिलं नाव

कॉलेजात मी समाजशास्त्र घेतलं ते दुसरं काही मिळालं नाही म्हणून. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं गुजरातीत. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. शेवटच्या वर्षाला ‘स्त्री अने समाज’ असा एक पेपर होता. तो शिकवणाऱ्या बाईंना आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे बेन म्हणायचो. बेन पुस्तक मिटून बोलायच्या. हुंडा, लहानपणीची लग्नं, विधवांचे हाल. मी सगळं उतरवून घ्यायची आणि मनात म्हणायची, आपल्याकडे यातलं काही नाही. बाबा लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर राबतात, दारूला शिवत नाहीत, आईवर हात उगारत नाहीत, वर मला शिकवतात.

एकदा बेन म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात प्रत्येकीनं आपल्या आईबद्दल बोलायचं. लग्नाआधी ती काय करायची, तिला काय व्हायचं होतं, ते तिलाच विचारून या.”

मुली हसल्या. मीही हसले. आईला व्हायचं काय असणार?

घरी आले तर आई दाराशी उजेडात बसून साड्यांचे सुटलेले धागे कापत होती. गल्लीतल्या बहुतेक बायका दुपारी हेच काम करायच्या. मी तिच्यासमोर बसले.

“आई, माझ्याएवढी होतीस तेव्हा काय करायचीस?”

“तुनाएवढी व्हती तवय तू मना पोटमा व्हतीस.” आई घरात अहिराणीच बोलायची.

“आणि त्याच्या आधी?”

“आठवीमा व्हतू. सायकल चालाडू.”

माझा विश्वास बसेना. उधन्याचा रस्ता ओलांडताना माझा हात दुखेपर्यंत घट्ट धरणारी ही बाई सायकल चालवायची? मी हसायला लागले तशी तिलाही हसू आलं. म्हणाली, मी नदीच्या उतारावरून सायकल सोडली की मास्तर शाळेच्या ओट्यावरून ओरडायचे. आणि मास्तरांचा आवाज काढून तिनं एक नाव मोठ्यानं हाकारलं.

ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.

“हे कोण?”

“मीच ना व.”

“तुझं नाव तर...”

तिच्या हातातली कात्री थांबली. “ते तुनी मावशीनं नाव शे,” ती म्हणाली.

मला मावशी नव्हती. म्हणजे, नव्हती असंच मला वाटत होतं. आईनं नजर साडीवरच ठेवून सांगितलं. बाबांचं पहिलं लग्न तिच्या थोरल्या बहिणीशी झालं होतं. दुसऱ्या बाळंतपणात ताप चढला आणि ती गेली, मागोमाग बाळही गेलं. पहिला मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. तो म्हणजे आमचा दादा. तेराव्याला पुरुषमाणसं ओट्यावर बसली आणि आत चुलीपाशी आई पुऱ्या लाटत असताना बाहेर तिचं लग्न ठरलं.

“माले कोनी इचारं नही. बाप घरमा उना नि म्हने, ताईनं घर आते तूच सांभाळ.”

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा नवरीचं नवं नाव लिहितो. बाबांनी मेलेल्या बायकोचंच नाव लिहिलं. बाबांच्या आईनं तसं सांगितलं होतं: घरात त्या नावाची सवय झालीय, पोराला पुढे आईचं नाव एकच कळू दे. तेव्हापासून आई तिच्या बहिणीच्या नावानं जगत होती. रेशन कार्डावर तेच, मतदार यादीत तेच, माझ्या शाळेच्या दाखल्यावरही तेच.

माझी नजर तिच्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्राबरोबर तिच्या गळ्यात चांदीचा एक चपटा टाक असायचा, त्यावर बाईची आकृती उमटवलेली. लहानपणी मी त्याला देवी समजून नमस्कार करायची.

“ही?”

“हाई ताईच शे.” सवतीवर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो, हे तिनं मला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं. सवत, आणि सख्खी बहीण.

खात्याला सुट्टी होती त्या दिवशी मी बाबांना गाठलं. ते खाटेवर बसून चहा पीत होते.

“आईचं खरं नाव तुम्हाला माहीत होतं?”

“तांदळावर लिहिताना हात अडकला होता माझा,” ते म्हणाले. “पण माय शेजारी उभी होती.” मग एकदम चिडून म्हणाले, “माले तरी कोनी इचारं व्हतं का?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाबांनी आईला कधीच नावानं हाक मारली नव्हती. ‘दादानी माय’, एवढंच. मी तो लाजाळूपणा समजत होते. मी रागानं गेले होते. त्यांची कीव आली, आणि तरी राग गेला नाही. ते कमावते पुरुष होते. ती आठवीत होती.

आमची पाळी आली त्या दिवशी कुणाच्या आईला नर्स व्हायचं होतं, कुणाच्या आईला गाणं शिकायचं होतं. मी उभी राहून गुजरातीत सगळं सांगितलं. शेवटच्या बाकावरची, पर्वत पाटिया भागातून येणारी एक मुलगी खाली मान घालून रडायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बेन माझ्याजवळ आल्या. “तमारी मम्मीनुं पोतानुं नाम शुं?” आईचं स्वतःचं नाव काय, त्या विचारत होत्या. मी ते मोठ्यानं उच्चारलं. बेननी त्यापुढे ‘बेन’ लावून ते परत म्हटलं.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं तर ती घाबरली. “सगळासनासमोर सांगं तू?” मग शेजारणीचं दार बंद आहे ना ते पाहून आली. साडी पुन्हा मांडीवर घेतली, धागा शोधल्यासारखं केलं.

“तुनी मास्तरीन कशी म्हने?” तिनं हळूच विचारलं. “माले म्हनी दाखाड.”

मी म्हणून दाखवलं.

“आखो एक डाव म्हन,” आई म्हणाली.