कागदावरची मेंढी, आगीची घोडी

सुमिए हामुरोशी हुज्जत घालायची असेल तर आधी पोटभर जेवून यावं, असं आमच्या बंदरात म्हणतात. बाई उंचीनं बेताची, पण आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. गावातलं एकुलतं एक सार्वजनिक न्हाणीघर ती चालवते. दुपारी दोनला भला मोठा बंब पेटवायचा, पाडलेल्या घरांचे वासे-फळ्या स्वतः फोडून आत सारायच्या आणि ठोक चारला दार उघडायचं. पाणी असं कढत, की नवखा माणूस पाय घालतो आणि देवाचं नाव घेत बाहेर येतो. कुणी कुरकुरलं की म्हणते, “कोमट पाहिजे तर घरी बादलीत बसा!”

नवरा शिगेरू फारसा बोलत नाही. लाकडं वाहतो, फरशा घासतो, संध्याकाळी दोन पेले घेतो. सुखात आहे बिचारा.

गल्ल्यावर बसते ती सुमिएची आई, तोकुयो. वय शहाऐंशी. गल्ल्याचं उंच आसन बायकांच्या आणि पुरुषांच्या दारांच्या मधोमध, त्यामुळे म्हातारीला अख्खं गाव दिसतं, आणि तेही जसं देवानं पाठवलं तसं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पाठीवर वळ आहे, तिला सगळ्यांच्या आधी कळतं. पण तोंडाला कुलूप! तिच्याकडून शब्द बाहेर गेलाय असं कधी झालं नाही.

सगळ्यात मोठं गुपित मात्र तिच्या घरातलंच होतं. सरकारी कागदावर सुमिएचा जन्म पाच जानेवारी सदुसष्टचा, म्हणजे मेंढीच्या वर्षातला; आमच्याकडं प्रत्येक सालाला एक जनावर, अशी बारा जनावरं पाळीनं येतात. खरा जन्म त्याच्या सोळा दिवस आधीचा, वीस डिसेंबरचा. आणि ते सहासष्ट साल होतं आगीच्या घोड्याचं. घोडा काय, दर बारा वर्षांनी येतो. पण लाकूड, आग, माती, धातू, पाणी अशी पाळी फिरत असते, म्हणून आगीचा घोडा साठ वर्षांत एकदाच. त्या वर्षीची मुलगी तापट निघते, नवऱ्याला खाते, तिला कुणी करून घेत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. त्या साली लोकांनी मूल होऊ देण्याचीच धास्ती घेतली. गावात सगळी मिळून सात पोरं जन्मली म्हणतात.

तोकुयोनं आणि तिच्या नवऱ्यानं सुईणीला विश्वासात घेतलं आणि पोरीला सोळा दिवस घरात दडवलं. दुपटी दोरीवर घातली तर बोभाटा होईल, म्हणून ती बंबामागं वाळवली. नवं वर्ष लागल्यावर बाप नोंदणीला गेला. सुमिएला हे कळलं लग्नाच्या आदल्या दिवशी. आई म्हणाली, “तुझ्या सासूनं साल विचारूनच होकार दिलाय. तेव्हा मेंढी आहेस ती मेंढीच राहा.”

राहिली. आता या बाईला मेंढी म्हणणं म्हणजे मिरचीला साखर म्हणण्यातला प्रकार, पण राहिली. दर जानेवारीत हसून शुभेच्छा घ्यायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपण दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस खातोय.

गेल्या नोव्हेंबरात देवळाच्या फळ्याचा प्रश्न निघाला. वरच्या देवळाच्या दारात दर नव्या वर्षाला पुरुषभर उंचीचा लाकडी फळा लागतो, त्यावर त्या वर्षाचं जनावर. चित्र निवडायचा मान त्याच सालात जन्मलेल्या, साठी पुरी करणाऱ्या माणसाचा. फळ्याच्या मागं शाईनं त्याचं नाव आणि जन्मतारीख घालतात. या खेपेला मानाला माणूसच मिळेना. सातांतले दोघं वारले होते, पाच जण शहरात, आणि त्यातलं एकही यायला राजी नाही.

देवळातली खोली गळत होती, म्हणून मंडळी दुपारी न्हाणीघरात जमली. एक तरुण पुजारी कुझुमी आणि दुसरे गल्लीप्रमुख इवासेकाका. काकांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे, आणि सगळं गाव आपल्याच वर्गात बसलंय असं त्यांना वाटतं. कपडे ठेवायच्या फडताळांना दोन चित्रं टेकवली होती. एक काकांनी स्वतः काढलेलं.

“हे बघा,” काका म्हणाले. “हिरवं कुरण, सोज्वळ घोडा. बघितलं की मन कसं गार होतं.”

“पण काका, आग?” पुजाऱ्यानं भीत भीत विचारलं.

“आगीचं नाव काढू नका! आधीच गावात पाळणे हलेनात. त्यात देवाच्या दारात आग टांगली तर आहेत त्या सुनाही पळतील.”

सुमिए चहा घेऊन आली आणि दुसऱ्या चित्रापाशी थबकली. ते मिनेगिशीचं होतं, जन्मभर मालाचे ट्रक रंगवलेल्या माणसाचं. लालभडक घोडी, आयाळीच्या ज्वाळा, कान मागं पाडलेले, आणि एक डोळा सरळ बघणाऱ्यावर रोखलेला. ही मीच, असं सुमिएला वाटलं. तिचे डोळे भरून आले. असलं तिला कधी होत नाही, त्यामुळे तिला त्याचाच राग आला.

“काका, तुमचं हे लाकडाचं घोडं झालं,” ती कडाडली. “लाकडाच्या सालाचा रंग हिरवा. ते बारा वर्षांपूर्वी येऊन गेलं. जुनं वर्ष परत टांगताय होय?”

“तसं ताईंचं बरोबर आहे,” पुजारी पुटपुटला.

“बरोबर असू दे. ज्याचा मान त्यानं बोलावं. ही पडली मेंढी! मेंढीनं घोड्यांच्या पंगतीत कशाला बसावं? त्या सालची सातच पोरं, त्यातलं एकही इथं नाही. तेव्हा निवड आम्ही करणार. विषय संपला.”

सुमिएच्या ओठावर आलं होतं, मी आहे की इथं! बोलावं तर गावासमोर आई खोटी ठरते, आणि मातीत गेलेला बापही. शिवाय दारात शिगेरू उभा, हातात लाकडांचा भारा. सुमिए गप्प बसलेली आमच्या गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

“आठ,” गल्ल्यावरून आवाज आला.

“काय म्हणालात आजी?”

“आठ जन्मली. आठवी माझी.” तोकुयो टॉवेलांच्या घड्या घालत होती, त्या तिनं बाजूला ठेवल्या. “वीस डिसेंबर, सकाळची वेळ, बाहेर बर्फ. कागदावर खोटं लिहिलं ते आम्ही. मला काय बोलायचं ते बोला, पण माझ्या पोरीला मेंढी म्हणायचं नाही.”

भारा धाडकन खाली पडला. सगळे शिगेरूकडं बघायला लागले.

“अहो,” सुमिएचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला, “तुम्हाला फसवलं मी. पस्तीस वर्षं.”

शिगेरू बोटं मोजत होता. “माझा जन्म दोन जानेवारी सदुसष्टचा. म्हणजे मी तीन दिवसांनी थोरला नाही?”

“तेरा दिवसांनी धाकटे आहात.”

“अरे देवा! अन् मी इतकी वर्षं म्हणत होतो, मोठ्यांचं ऐकावं.”

“कधी म्हणालात?”

“मनात म्हणायचो.”

इवासेकाकांनी अजून हेका सोडला नव्हता. “पण असल्या बायका नवऱ्याला खातात म्हणे.”

“खाल्लं असतं तर एवढा उरलो असतो का?” शिगेरूनं पोटावर थाप मारली, आणि वाकून लाकडं गोळा करायला लागला. पुजारी इतका हसला की चहा सांडला. सुमिएनं डोळे पुसले, लाल घोडीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ही.”

“निदान डोळा तरी मवाळ करा,” काकांनी हात जोडले.

“डोळा आहे तसाच राहील.”

फळा रंगून झाला, आणि वीस डिसेंबरला पुजारी तो हातगाडीवरून न्हाणीघरात घेऊन आला, नाव घालायला. तारखेपाशी सुमिएचा हात अडला. सवयीनं जानेवारीच येत होता. तिनं दम घेतला आणि खरी तारीख लिहिली, जरा मोठ्याच अक्षरात.

चारला दार उघडलं. पहिला आला तो एक कोळी. तोकुयो गल्ल्यावरून पुढं वाकली. “आज माझ्या पोरीचा वाढदिवस.” मग बायकांच्या दारातून दोघी आल्या, त्यांनाही सांगितलं. इवासेकाका मान खाली घालून आले, त्यांना दोनदा सांगितलं. अंगाला साबण लावलेल्या माणसांना सांगितलं, न्हाऊन निघालेल्यांना परत सांगितलं. भिंतीपलीकडं बंबात लाकूड सारत सुमिए सगळं ऐकत होती आणि रडत होती.

“आई, पुरे आता! लोक हसतील!” ती तिथूनच ओरडली.

“हसू देत,” म्हातारी म्हणाली. “अठ्ठावन्न वेळा गिळलंय मी हे.” आणि दार सरकवून आत येणाऱ्याकडं वळली. “या, या. आज माझ्या पोरीचा वाढदिवस.”